संपर्क केलेला नाही

३ जानेवारी
दुकानातून

दाजींना नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. ताई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आता मुकादम झाली. पूर्वी चादरी मोजायची, आता चादरी मोजणाऱ्यांवर ओरडते. माझं चष्म्याचं दुकान आहे तसंच आहे. म्हातारी गिऱ्हाइकं तक्त्यावरची खालची ओळ पाठ करून येतात आणि डोळे सुधारले म्हणून मलाच ऐकवतात. तुमचं सुतारकाम नीट चाललं असेल असं धरतो.

मूळ मुद्द्यावर येतो. मला आडवळणाने बोलता येत नाही असं तुम्ही म्हणायचात. ते चूक होतं, पण असो.

मुंगी सतरा वर्षांची झाली. नाव तुम्ही ठेवलंत आणि कार्टीने ते खरं केलं, दिवसभर काहीतरी ओढत असते. तिने अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात अर्ज केलाय. फी ऐकून मी खुर्चीत बसलो. पण तिथे प्रवेश मिळाला की घरच्या परिस्थितीप्रमाणे सगळा खर्च तेच उचलतात. मिळाला तर! बाहेरच्या देशांतून हजारो पोरं अर्ज करतात, जो तो आपल्या शाळेत पहिला. तिच्या मुख्याध्यापिका बाई म्हणतात, मदत मागणाऱ्या शंभरांतली तीन-चार घेतली तर नशीब. कित्येक ठिकाणी तर मदत मागितली की पारडं आधीच हलकं होतं. हे विद्यापीठ तसं करत नाही म्हणे. पोरीला दुसरी वाटच नाही. मदतीशिवाय प्रवेश मिळाला तर ते पत्र फ्रेम करून दुकानात लावायचं, एवढाच उपयोग.

आता घोडं अडलंय ते एका फॉर्मवर. आईवडील वेगळे राहत असले तरी दोघांची मिळकत त्यांना लागते. वडिलांचा मुलीशी काहीच संबंध उरला नसेल तर सूट मिळते. तशी सूट आम्ही मागितली, बाईंनी शाळेतर्फे पत्रही दिलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. वडिलांचा ठावठिकाणा लागत असेल तर त्यांचंच निवेदन आणा म्हणतात. थोडक्यात, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. राग मानू नका, म्हण माझी नाही.

सोबत कागद जोडलाय. मजकूर असा: ‘नऊ वर्षांपूर्वी घर सोडल्यापासून मी माझ्या मुलीशी कोणत्याही प्रकारे संपर्क केलेला नाही, तसा प्रयत्नही केलेला नाही.’ खाली सही करून लगेच कुरियरने पाठवा. १ फेब्रुवारीच्या आत सगळे कागद पोचायला हवेत.

तुम्ही म्हणाल, पहिलं वर्ष सोडलं तर मी दर वाढदिवसाला पत्र पाठवतो. हो. आठही पोचली. उत्तर आलं नाही त्यावरून तुम्ही काय ते समजला असालच. मुलगी मोठी होते, तिची मतं होतात. त्याबद्दल जास्त न लिहिलेलं बरं.

एवढं तिच्यासाठी करा.

तुमचा मेहुणा


२१ जानेवारी

दाजी,

तुमचा कागद बाराव्या दिवशी आला. मला वाटलं होतं, दोन पानं शिव्या असतील. त्या मी मुकाट्याने वाचल्या असत्या. निघाली ती सही आणि सुतारी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ‘तिच्या उपयोगाचं असेल तर मी मेलो असंही लिहा. चष्मा अजून लागतो का?’

चिठ्ठी मी खिशात घातली आणि कागद मुंगीला दिला.

ती दुकानाच्या संगणकावर बसली होती. विद्यापीठाचं पान ती दिवसातून वीस वेळा उघडते. काही बदललेलं नसतं, तरी उघडते. ताई म्हणते, दूध तापवायला ठेवल्यासारखी बसते नुसती. पोरीने नखं खाऊन संपवली आहेत. बाबांना कसं शोधलंस, हे तिने आधीच विचारलं होतं, आणि एक जुना सुतार भेटला म्हणून मी थाप मारली होती. तिने कागद वाचला. चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला. ‘तसा प्रयत्नही केलेला नाही’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, “चला, बरं झालं. माझा निबंध खरा निघाला.”

या निबंधाचं तुम्हाला सांगायलाच हवं. अर्जाबरोबर एक निबंध द्यावा लागतो, स्वतःविषयी. नोव्हेंबरात तिने तो मला तपासायला दिला होता. तिने लिहिलं होतं, की वाढदिवसाला ती सकाळपासून भूक नाही म्हणते. पोस्टमन आमच्या गल्लीतून पुढे गेला की मग जेवते. आठ वर्षं. आम्हाला वाटायचं, पोरीचे नखरे. कधी चकार शब्द बोलली नाही आमच्याशी, आणि ज्यांनी तिला पाहिलेलंही नाही अशा लोकांना सगळं लिहून मोकळी झाली. मी निबंध वाचला, दोन स्वल्पविराम घातले आणि छान आहे म्हणून परत दिला.

दाजी, तिने तुमचं एकही पत्र पाहिलेलं नाही. पोस्टमन घराआधी दुकानात येतो. घरचं टपाल मीच घेतो.

पहिलं पत्र आलं तेव्हा ती तापाने फणफणली होती. बरी झाली की देऊ म्हटलं. बरी झाली तेव्हा ताई नुकती कुठे रात्री नीट झोपायला लागली होती. वर्षाने दुसरं आलं. ते द्यायचं तर पहिल्याचं काय सांगू? तिसऱ्यापासून प्रश्नच उरला नाही. लोक चष्मा दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, त्यांचा एक खण आहे माझ्याकडे. तो कोणी उघडत नाही. त्यात ठेवत गेलो. ताईलाही माहीत नव्हतं. तुम्ही फॉर्म भरलात तर मदत कमी होईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी. त्या फॉर्ममध्ये विचारतात, मुलीशी शेवटचा संपर्क कधी. तुम्ही लिहिलं असतंत, गेल्या वाढदिवसाला. म्हणून तुमच्याकडून खोट्यावर सही मागितली. आणि तुम्ही दिलीत.

‘निबंध खरा निघाला’ म्हणाली आणि हसली हो ती. ते हसणं मला सोसलं नाही. मी खण उघडला आणि आठही पाकिटं तिच्यासमोर ठेवली.

गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून तिने ती तारखेप्रमाणे लावली आणि वाचली. मध्ये एक बाई वाचायचा चष्मा न्यायला आली, तिला मी दुसऱ्याच कोणाचा दिला. पाचव्या पत्रात तुम्ही तिच्यासाठी केलेल्या टेबलाचं चित्र आहे, खणांच्या मापांसकट. त्यावर ती बराच वेळ थांबली. शेवटचं संपल्यावर म्हणाली, “मामा, दुकान बंद कर. आईला सांगायला जाऊ. तू सांगायचं.”

ताईला मी सांगितलं. तिने हातातली चादर नीट घडी घालून ठेवली आणि मला म्हणाली, “तू जा आता.” सहा दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. तुमच्याविषयी तिचं मत बदललंय असं समजू नका. पण मुंगीला म्हणाली, “पत्रं तुझी होती.”

बाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी शाळेचं पत्र दिलं ते माझ्या शब्दावर. त्या म्हणाल्या, “बावीस वर्षांत माझी सही खोटी पडली नव्हती.” मग दार उघडं ठेवून माझ्यासमोरच विद्यापीठाला नवीन पत्र लिहिलं. मुंगीनेही लिहिलं, की सूट मागणारा अर्ज मागे घेते, वडील फॉर्म भरतील, आणि निबंधात लिहिलेलं ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी मला खरंच वाटत होतं. आधी शंभरात तीन-चार होते, आता किती, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “चष्मेवाले, आता आकडा विचारू नका.”

मी घाबरलोय, दाजी. पोरगी चार वर्षं पहाटे उठून शिकली आणि शेवटी तिच्या पायावर धोंडा पडला तो मामाच्या हातचा. मार्चअखेर निकाल आहे. ‘नाही’ आलं तर ते कशामुळे आलं हे कोणीच सांगणार नाही, आणि मी ते जन्मभर स्वतःलाच विचारत बसेन. ती मात्र अजून दिवसातून वीसदा ते पान उघडते. तुमचा टेबलाचा कागद संगणकाशेजारी टेकवून ठेवलाय.

तुम्ही सही केलेला कागद फाडून परत पाठवतोय. फॉर्म कुठे आणि कसा भरायचा ते मुंगीने वेगळ्या कागदावर लिहिलंय. मिळकत असेल तीच लिहा, आणि संपर्काच्या जागी आठही तारखा लिहा. १ फेब्रुवारी विसरू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. डावा साडेतीन, उजवा तीन. जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं चष्म्याशिवाय नाही. गेली नऊ वर्षं तिचा प्रत्येक चष्मा मीच केलाय. पुढचाही माझ्याकडून करून घेईल का, ते विचारायची हिंमत झालेली नाही.

मुंगीने मला एकच शिक्षा दिली. हे पत्र मी लिहायचं आणि तिने वाचल्याशिवाय पेटीत टाकायचं नाही. तिने वाचलं. फक्त एक ओळ खोडायला लावली. ‘मी जे केलं ते तिच्या भल्यासाठी’ अशी होती.

माफी मागत नाही, तोंड नाही.

तुमची आठ पत्रं अडवणारा,
मेहुणा

बाबा, या वेळी खरं असेल त्याच्याच खाली सही करा. चष्मा अजून लागतो. यंदा मी पोस्टमनची वाट दुकानात बसून बघणार आहे.
— मुंगी