सोनं तिरकं मागं जात नाही

निमोणे, ता. शिरूर
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. अनुपमा हिस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीने धरला आहे, पण एसटीत चढता येतं. कांद्याची लागण झाली. म्हैस आटली. शिरूरच्या तुझ्या खोलीवर पाणी वेळेवर येतं का, असं आई विचारते. मी कधी विचारलं नव्हतं.

फोन करता आला असता. तू मधेच काही बोलली असतीस आणि मी ठेवून दिला असता. म्हणून पत्र.

सोमवारी पुण्याच्या विवाह नोंदणी कचेरीत तुला आणि योहानला बोलावलं आहे. तुमच्या लग्नाच्या नोटिशीवर आक्षेप आला, तो ज्योतिबाकाकांनी घेतला असणार, असं तू आईला म्हणालीस. मजकूर ज्योतिबाने सुचवला, हे खरं आहे. तो वकिलाला विचारून आला होता. मुलगा केडगावचा ख्रिस्ती आहे, एवढ्यावर आक्षेप टिकत नाही. वय, नातं, आधीचं लग्न, यातलंही काही लागू नाही. मुलीचं डोकं ठिकाणावर नसेल तर मात्र टिकतो.

मग म्हणाला, "गुरुजी, पोरगी ठोकळ्यांशी एकलीच बोलती, ह्ये तुम्हीच सांगितलं व्हतं की. एवढं पुरं हाय."

सांगितलं होतं. उन्हाळ्यात, त्याच्या खताच्या दुकानात, चेष्टेने. तुझ्या रांजणगावच्या कंपनीतल्या जपानी साहेबाने दिलेला तो शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, पट तू सुट्टीच्या दुपारी ओसरीवर मांडायचीस. मांडीवर इंग्रजी पुस्तक, भिंतीला टेकवलेल्या मोबाईलवर कुणीतरी इंग्रजीत शिकवतो आहे. समोर खेळायला माणूस नाही. आणि तू मोठ्याने म्हणायचीस, "सोनं तिरकं मागं जात नाही. रुपं सरळ मागं जात नाही." पुन्हा तेच, एखादा शब्द बदलून.

आक्षेपाच्या अर्जात ही दोन वाक्यं अवतरणचिन्हांत आहेत.

ज्योतिबाने गाडी ठरवली आहे, साक्षीला पाच माणसंही. पुरावा म्हणून त्याला पट हवा आहे. उद्या दुपारी घ्यायला येणार आहे. तो काढून ठेवावा म्हणून रविवारी मी तुझी पेटी उघडली. पटाखाली इंग्रजी पुस्तक होतं. पुस्तकाखाली दोनशे पानी वही. पहिल्या पानावर लिहिलं होतं : आबांसाठी शोगी.

पुढे तू लिहिलं आहेस की या खेळाची पुस्तकं, व्हिडिओ, संगणकावरचे धडे, जे मिळालं ते सगळं इंग्रजीत आहे. आणि आबांचं इंग्रजी सातवीच्या पुस्तकाशी थांबलं. चौथ्या पानावर सोनं आणि रुपं सापडलं; ती दोन मोहऱ्यांची नावं. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. वाक्य कानाला नीट लागतं का, ते तू म्हणून बघत होतीस. समासात निळ्या शाईने अडलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ दिले आहेत. ते अक्षर तुझं नाही. केडगावच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्याचं असावं. सुबक आहे.

तीन दिवस मी वहीवरून एकटाच खेळलो. दोन्हीकडचे मोहरे एकाच रंगाचे, टोक ज्याच्यापासून दूर वळलेलं तो त्याचा, हे कळायला एक दुपार गेली. मारलेलं प्यादं मी सवयीने डब्यात टाकलं. पान उलटलं तर तू लिहिलेलं : "आबा, डब्यात टाकू नका. ते परत पटावर येतं." आई दारात उभी होती. तिने मला हसताना पाहिलं आणि म्हणाली, "आता तुम्हीबी ठोकळ्यांशी बोलताय. मंग तुमचाबी अर्ज करू का?"

नंतर भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोटच्या पोरीला येडी ठरवून कुणाचं नाक वर ऱ्हातंय?"

अर्ज माझ्या अक्षरात आहे. ज्योतिबाचं अक्षर वाचता येत नाही म्हणून लिहून दिला, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खालची सहीही माझी आहे. वडील म्हणून केलेली.

तू चौदा वर्षांची असताना बुद्धिबळात मला पहिल्यांदा हरवलंस. मी म्हशीची धार राहिली म्हणालो आणि पट उधळून उठलो. त्यानंतर प्रत्येक वेळी उठलो. तू कधी काही बोलली नाहीस. वहीत बोललीस. "या खेळात पट उधळता येत नाही. हरणाऱ्याने खाली वाकून स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं. मग दोघं मिळून तोच डाव पुन्हा मांडतात, कुठं चुकलं ते बघतात. इंग्रजी पुस्तकात हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. मी पहिल्या धड्यात घेतलं."

हे पत्र आणि पट घेऊन आई उद्या सकाळच्या एसटीने निघेल. ज्योतिबा येईल तेव्हा पेटी रिकामी असेल. तो काय करील सांगता येत नाही. भावकीला गोळा करील. साक्षीदारांना तरीही नेईल. खोटा अर्ज केला म्हणून कचेरीतले साहेब माझं काय करतील, तेही मला माहीत नाही. वही मी ठेवून घेतली आहे. सोमवारी ती साहेबांसमोर ठेवीन आणि अर्जात लिहिलं ते खोटं आहे, असं सगळ्यांदेखत सांगेन. तुझ्याकडे बघून सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. तू डाव पुन्हा मांडशील का, हे आज विचारत नाही.

पाकिटावर चि. सौ. कां. लिहिलं आहे. त्याला तीन पाकिटं लागली.

तोंडाने म्हणायचं ते सोमवारी म्हणेन. आज फक्त लिहून बघतो.

मी हरलो.

आबा