खिडकीकडचा बाक

बुधवार, दिवेलागणीची वेळ

आज खडकीला नातीच्या शाळेत जाऊन आले. सईच्या वर्गातली पोरं म्हणे महिनाभर शाळाभर फिरून बघत होती, दिवसाढवळ्या दिवे का जळतात ते. कारण काय, तर पडदे कायम ओढलेले! मग त्यांनी पडदे सरकवले, बाक खिडकीकडे नेले. आता दुपारपर्यंत एकही दिवा लावावा लागत नाही. मला इतका आनंद झाला! चहा मात्र फारच गोड होता.

आणि बाकांची युक्ती माझीच की. मीच एकदा सईला सांगितलं होतं, आमच्या शाळेत वीजच नव्हती, ऊन सरकेल तशी आम्ही पाटी घेऊन सरकायचो. तर पोरगी बाईंना म्हणते कशी, "ही माझी आजी. उन्हाचा शोध हिनेच लावला!" आगाऊ कुठली.

बाई म्हणाल्या, "आजी, बसा ना." खिडकीकडच्या बाकावर बसले. पुढ्यात कुणाचं तरी पुस्तक, त्यावर ऊन. अडखळत का होईना, अर्धं पान वाचलं. तिसरीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले, ती राहिलेच. नाहीतर?

"आजी, ऊठ ना, घंटा झाली," सई म्हणाली. उठवेना. गुडघे धरलेत, असं सांगितलं तिला.

माझी पिशवी तिथेच राहिली, खिडकीकडच्या बाकात. उद्या आणायला जावंच लागेल. विसरले का मी? छे! चांगली आत सरकवून ठेवली.