पळणाऱ्या पोरी नीट दिसाव्यात म्हणून

आई, काल मुलींच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल झाली, आपल्याच मैदानावर. तू होतीस तेव्हा मुली मैदानात उतरणं सोडाच, गॅलरीत बसलेली बाईसुद्धा क्वचित दिसायची. काल निम्मी गॅलरी बायकांनी भरली होती आणि त्यातल्या काही शिट्ट्या मारत होत्या. तो सामना लोकांच्या घरात, त्यांच्या मोबाइलवर पोचवायचं काम माझ्याकडं होतं. हे तुला सांगावं असं कालपासून वाटतंय. पण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता, त्यामुळं जरा मागून सुरुवात करते.

आपलं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर होतं आणि त्याचं दार गच्चीवर उघडायचं. रविवारी सामना असला की तू परात उंबऱ्याजवळ ओढून घ्यायचीस. समोर कौलं, पत्रे, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या गोधड्या आणि त्यापलीकडं मैदान. पूर्ण नाही, एक कोपरा इमारतीमागं लपलेला. मामा उजव्या बाजूनं खेळायचा आणि दुसऱ्या हाफला नेमका त्याच कोपऱ्यात गडप व्हायचा, मग तू त्या इमारतीच्या मालकाला शिव्या घालायचीस. मी तुझ्या शेजारी बसलेय. माणसं तिथून बोटाच्या पेराएवढी दिसतात. मी डोळे बारीक करून कुणाच्या पाठीवर कुठला नंबर आहे ते वाचायला बघते आणि तू पिठाच्या हातानं माझ्या पाठीत एक ठेवून देतेस. "नंबर कशाला वाचतीस? तोंड तर मलाबी दिसत न्हाई. पाय बघ की. माणूस चालीवरनं वळखायचा." आणि खरंच, तुला तिथून सगळे ओळखू यायचे. हा पळताना डावा खांदा पाडतो, तो बॉल यायच्या आधी दोन बारकी पावलं टाकतो, मामाचं ढोपर दुखायला लागलंय पण तो सांगत नाही. भाकरी तव्यावर टाकून तू पुन्हा दारात यायचीस.

पुढं मामानं तुला कुणाचा तरी जुना टीव्ही आणून दिला. तू पदरानं त्याची काच पुसलीस, वरती क्रोशाचं कापड घातलंस आणि पहिल्यांदाच परदेशातला एक फुटबॉलचा सामना बघायला बसलीस. त्या दिवशी अँटेना काही केल्या जुळेना. मामा गच्चीवरून ओरडतोय, "आता दिसतंय काय?" तू खालून ओरडतेस, "मुंग्याच लई हायत." शेवटी तू उठलीस. म्हणालीस, एवढं मोठं मैदान आणि पोरं मुंग्यांत बुडाली, त्यापरीस आमची गच्ची बरी.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस. त्यानंतर मी बरीच वर्षं परगावी होते, सामने दाखवणाऱ्या मोठ्या गाड्यांमध्ये, जिथं भिंतभर पडदे असतात आणि बाहेर ऊन आहे की पाऊस हेही कळत नाही. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात परत आले. आता कळंब्याकडं राहते आणि इथले सामने दाखवते. आता मुंग्या येत नाहीत, आई. आता चौकोन येतात.

त्याचं असं आहे. कॅमेऱ्याला जे दिसतं ते सगळं जसंच्या तसं पाठवायला वाट पुरत नाही. म्हणून यंत्र चित्र दाबून पाठवतं. आधीच्या क्षणापेक्षा आता काय बदललं तेवढंच ते पाठवतं, बाकीचं पहिलंच वापरतं. बातम्या सांगणारी बाई असली तर काम सोपं, ओठ हलतात, मागची भिंत तशीच राहते. पण सामन्यात सगळंच हलतं. पोरी पळतात, कॅमेरा त्यांच्यामागं फिरतो, मागं गॅलरीत झेंडे नाचतात. आणि आपल्या लोकांची सवय तुला माहीत आहे, गोल झाला की कागदाचे तुकडे उधळायचे. हवेत उडणारा प्रत्येक तुकडा यंत्राला नवी बातमी वाटतो. मग त्याला जागा पुरत नाही, ते हात टेकतं आणि चित्राचे चौकोन होतात. शिवाय हे दाबणं एकदाच होत नाही. आम्ही मैदानावर दाबतो, पुढं ज्यांच्या यंत्रांवरून ते लोकांकडं जातं ते पुन्हा दाबतात, आणि जिथं रेंज कमी तिथं आणखी बारीक करून पाठवतात. व्हॅनमध्ये माझ्यासमोर गवताची काडी न् काडी दिसत असते आणि त्याच क्षणाला डोंगराकडच्या एखाद्या घरात नुसता हिरवा चिखल पोचलेला असतो.

सेमीफायनल संपल्यावर मला एक फोन आला. चित्राची तक्रार असली तर कळवा म्हणून माझा नंबर खाली दिलेला असतो. "पावणं, ती म्याच तुमीच दावताय न्हवं?" माझा आवाज ऐकून पलीकडची बाई म्हणाली, "बाई हायसा व्हय. बरं झालं." मलकापूरच्या पुढं एका वाडीतून ती बोलत होती. तिची मुलगी एका संघात बचावाला खेळते. "सकाळपास्नं समदं आवरून बसलेव. पर समद्या पोरी सारख्याच. चौकोन चौकोन. माझी लेक कुठली त्येच कळंना."

"नंबर काय तिचा?" मी विचारलं.

"नंबर दिसत असता तर तुमाला फोन केला असता व्हय?"

मग तिनंच सांगितलं. मुलीच्या बापाचं म्हणणं, हे खेळणं आता पुरे, ही स्पर्धा झाली की घरी यायचं. त्यानं तिला खेळताना कधी बघितलंच नव्हतं. जनावरं सोडून दोघांना कोल्हापूरला यायला जमत नव्हतं. "एकदा त्येला दावतो म्हणलं. बघून काय ते ठरव म्हणलं. आज बसला शेजारी, आन् दिसलं काय तर चौकोन. उठून गेला." ती चिडलेली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "फायनलला नीट दिसंल का?"

मी दिसेल म्हणाले. फोन ठेवल्यावर मला कळलं की ते कसं करायचं हे मला ठरवावं लागणार. वाडीतली रेंज माझ्या हातात नव्हती. वाट तेवढीच राहणार होती, त्या वाटेनं काय पाठवायचं तेवढं माझ्या हातात होतं. आम्ही सगळ्यात मोठं, सगळ्यात बारीक तपशिलाचं चित्र पाठवत होतो आणि त्यासाठी सेकंदाला निम्मीच चित्रं पाठवत होतो. पळणाऱ्या पायांचा नेमका तिथंच चिखल होत होता. त्या दिवशी तुझी गच्ची मला आठवली. पेराएवढी माणसं, ना तोंड ना नंबर, तरी तुला मामाचं ढोपर दिसायचं. कारण मधलं एकही पाऊल गळत नव्हतं.

मग मी स्पर्धेच्या संयोजकाकडं गेले. जुना खेळाडू, पोट सुटलंय पण चालतो अजून बॉल पायात असल्यासारखा. म्हटलं, फायनलला चित्र एक पायरी लहान करू आणि चित्रांची संख्या दुप्पट करू.

"ताई, बॅनरवर फुल एचडी छापलंय," तो म्हणाला. "आता बारकं चित्र पाठवलं तर लोक काय म्हणतील?"

"दादा, काही न म्हणता बघत बसतील."

"ते तुमी म्हणताय. मोठं ते चांगलं, एवढं तर मलाबी कळतंय."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मुलींच्या सरावाला दोन मोबाइल घेऊन गेले. दोन्हींना मुद्दाम वाडीतल्यासारखी तोकडी रेंज ठेवली. एकावर जुनी तऱ्हा, दुसऱ्यावर नवी. संयोजक दोन्ही हातांत दोन मोबाइल धरून उन्हात उभा राहिला. एका मुलीनं लांब पास दिला. एका मोबाइलवर बॉल मध्येच नाहीसा झाला आणि भलतीकडं उगवला. दुसऱ्यावर तो सरळ, तरंगत गेला. त्यानं पुन्हा बघितलं, मग पुन्हा. "ह्या पोरीचा डावा पाय लई गोड हाय," तो दुसऱ्या मोबाइलकडं बघत म्हणाला. मग जुना मोबाइल माझ्या हातात दिला. "हे न्हेवा तुमी."

कॅमेराही हलवला. आधी तो खाली होता आणि मुलींच्या मागं सगळी समोरची गॅलरी, झेंडे, माणसं नाचत असायची. तो ड्रेसिंग रूमच्या छतावर चढवला. तिथून मुलींच्या मागं नुसती जमीन येते, यंत्राला उसंत मिळते. कॅमेऱ्यावरच्या मुलाला सांगितलं, झपकन फिरवू नकोस, आणि खेळ चालू असताना गर्दी दाखवू नकोस. तो म्हणाला गर्दीशिवाय काय मजा. मी म्हटलं, मजा आवाजात येऊ दे. फायनलच्या सकाळी बघते तर बॅनरवर 'फुल' या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवलेली, नुसतं 'एचडी' उरलेलं. संयोजक म्हणाला, "खोटं कशाला बोलायचं." येणारा-जाणारा प्रत्येक जण पट्टीखाली काय आहे ते विचारत होता.

सामना सुरू झाला. मी व्हॅनमध्ये, समोर छोट्या पडद्यावर वाडीत पोचत असेल तसं चित्र लावून ठेवलेलं. गवत जरा पुसट होतं, तोंडं ओळखू येत नव्हती. पण पाय होते. हाफ टाइमला फोन वाजला. "बाई, दिसली," ती म्हणाली. "पळताना उजवा हात पोटाशी धरत्या. लहानपणी हात मोडला हुता, तवापास्नंची खोड. घरात आल्या आल्या तिच्या बानंच वळखलं." मागून पुरुषाचा आवाज आला, "गप की, सुरू हुतंय," आणि तिनं फोन ठेवला.

तिचा संघ हरला, आई. तेही शेवटच्या मिनिटांतल्या एकाच गोलनं. पण आज सकाळी तिनं पुन्हा फोन केला होता. काय ठरलं असं मी विचारलं. म्हणाली, "फार काय बोलला न्हाई. ह्या वर्सी खेळू दे म्हणाला, फुडलं फुडं. आन् मोबाइलला डाग पडलाय म्हणून काच पुसत बसलाय." एवढंच. पण तिच्या आवाजात जे होतं ते ऐकता ऐकता माझा चहा गार झाला तरी मला कळलं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. कालच्या सामन्याचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरत होतं, तोवर वेळ होता म्हणून लिहीत बसले. आता ते उतरलं आहे. तू असतीस तर एव्हाना तीनदा विचारलं असतंस, गोल कसा झाला. एक सांगते, कुणाला बोलले नाही. गोल झाला तेव्हा गॅलरीतून एवढे कागद उडाले की माझे डोळे चित्र फुटतंय का तेवढ्यावरच खिळले होते. चित्र टिकलं. गोल मी बघितलाच नाही. आता बघते.