गच्चीवरची खोली सोडून

॥ श्री ॥

खिदिरपूर, कोलकाता
१८ ऑक्टोबर २०२४

ती. विमलवन्स यांना सरलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दसऱ्यानंतर मिळालं. अक्षरावरूनच उजव्या डोळ्याची अवस्था कळली. दोन ओळी तर कागद संपला तरी थांबल्या नव्हत्या, त्यांचा शेवट तुमच्या टेबलावर असेल. जानेवारीत मोतीबिंदू काढायचं ठरवलंत ते उत्तम झालं. मी पंधरा दिवस मिरजेला येते म्हणजे येते. फोनवर तुम्हाला कानातल्या यंत्राच्या शिट्ट्याच ऐकू येतात, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहून देत आहे.

घराचं मात्र अजून काही खरं नाही. जूनमध्ये हे कस्टम्समधून निवृत्त झाले तेव्हा सहा महिने पुष्कळ वाटले होते. आता ३१ डिसेंबरला क्वार्टर सोडायचं आहे. ऋचाची बारावी फेब्रुवारीत, शाळा आणि क्लास दोन्ही रासबिहारीकडे, म्हणून घरही तिकडेच हवं. अकरा घरं पाहिली. एका ठिकाणी देव कुठे ठेवायचे विचारलं तर दलालाने फ्रीजचा माथा दाखवला. त्याचं भाडं बत्तीस हजार! पेन्शनीत ते बसत नाही, मी तिन्ही बाजूंनी बसवून पाहिलं.

आणि काल बारावं घर पाहिलं. दुसरा मजला, दोन मोठ्या खोल्या, दक्षिणेला व्हरांडा, स्वयंपाकघरात उजेड, ऋचाची शाळा चालत दहा मिनिटं. भाडं तेरा हजार. वन्स, मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. एवढं स्वस्त का? मालकीण मिसेस लाहिडी, शहात्तरीच्या विधवा, तळमजल्यावर एकट्या राहतात. सगळे त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणतात. त्यांनी ह्यांची पेन्शन विचारली नाही, आधारकार्ड मागितलं नाही. मला आपादमस्तक पाहिलं आणि गुडघे दुखतात का एवढंच विचारलं. दलाल तर फाटकाच्या आत यायलाच तयार नव्हता, रस्त्यावरूनच बोटाने जिना दाखवून मोकळा झाला.

हे म्हणतात, घे आणि मोकळी हो. मी हिशेबाच्या वहीत मागल्या पानावर ‘शंका’ असं लिहून खाली चार ओळी लिहिल्या आहेत. तुमचं मत लगेच कळवा.

लोभ आहे तसाच जपावा, ही विनंती.
सरला

——

मिरज
२६ ऑक्टोबर

चि. सौ. सरलास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र भिंग घेऊन वाचलं, तुझी मोठी अक्षरंही आता मुंग्यांएवढीच दिसतात. चंदूचं ऐकू नकोस. लहानपणी त्याने सायकल स्वस्तात मिळाली म्हणून आणली होती आणि चौथ्या दिवशी तिचा खरा मालक दारात उभा होता.

चाळीस वर्षं शाळेत काढून मी एक शिकले आहे. जी मुलगी विचारलेलं सोडून भलतंच सांगते तिचं दप्तर तपासावं. तेव्हा विजेचं बिल कोणाच्या नावावर आहे ते बघ. घरावर दावा चालू आहे का ते चंदूला ओळखीच्या वकिलाकडून काढू दे. आधीचे भाडेकरू कोण होते आणि का गेले ते शेजारी विचार, मालकिणीला नको. आणि करारातली प्रत्येक ओळ वाच. देवभोळी आहेस म्हणून माणसंही तशीच असतील असं धरून चालू नकोस.

ऑपरेशन चौदा जानेवारीला, संक्रांतीच्याच दिवशी. डॉक्टर म्हणाले, एक माणूस सतत जवळ हवं. मी म्हटलं, आहे.

आशीर्वाद आहेतच, पण डोकंही शाबूत ठेव.
विमल

——

॥ श्री ॥

कोलकाता
५ नोव्हेंबर

ती. विमलवन्स यांना सा. न.

दिवाळी झाली. चकल्या थोड्याच केल्या, यंदा लक्ष लागत नाही.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. बिल लाहिडींच्याच नावावर, दावा कुठलाही नाही. म्हणजे शंका कमी व्हायला हवी होती, ती वाढली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं की दोन वर्षांत तीन भाडेकरू आले आणि गेले. का, ते त्याने सांगितलं नाही. नुसता वर गच्चीकडे पाहून हसला. कराराचा कच्चा मसुदा आला, त्यात लिहिलं आहे की दुसरा मजला भाड्याने, ‘गच्चीवरची खोली सोडून’. त्या खोलीला कुलूप आहे. आम्ही घर पुन्हा पाहायला गेलो तेव्हा अकराच्या सुमाराला मासीमा जिन्याच्या तोंडाशी ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून उभ्या होत्या. मला पाहिल्यावर ते पदराआड गेलं.

परवा दुपारी तर त्या न कळवता टॅक्सीने क्वार्टरवर हजर. आम्ही तळमजल्यावर राहतो हे पाहून हुश्श म्हणाल्या. चहा झाला, आणि मग सुरू झाली उलटतपासणी. आंघोळ किती वाजता, नैवेद्य गरम असतो का, तापात असले तर कोण करतं, गावाला गेले की देवांचं काय होतं. मीही जरा फुशारले. सांगितलं की तीस वर्षांत नैवेद्य एकदाही चुकलेला नाही, आणि गावाला जाताना आमचे देव पत्र्याच्या डब्यात घालून मी बरोबर नेते. मग म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या अपर्णाबाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना जरा बोलावून आणा. मी गेले. अपर्णाबाईंनी मासीमांचं नावही ऐकलेलं नव्हतं! खाली आले तर मासीमा माझ्या छातीकडे पाहत होत्या, धाप लागली आहे का ते. मी ती दाबून धरली, का ते मलाही कळलं नाही.

हे हसतात. म्हणतात, म्हातारीला सून पसंत करायची असेल. पण मला रात्री तीच गच्ची दिसते. दुसरं घर मिळत नाही आणि पंचावन्न दिवस उरले आहेत. काय करू?

तुमच्या आशीर्वादाची आत्ता फार गरज आहे.
सरला

——

कोलकाता
११ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सा. न.

माझा मराठी चुकला तर हसू नको. (आई म्हणते माझे सगळे शब्द पुल्लिंगी आहेत.) हे पत्र आईला माहीत नाही.

काल क्लास लवकर सुटला म्हणून मी मासीमांच्या घरी गेले. बंगालीत विचारलं तर लोक मला सगळं सांगतात, आईला नाही सांगत. फाटक उघडा होता. मासीमा जिन्यावर होत्या. आत्या, त्या बसून जिना चढतात! एक पायरी बसायचं, पोटली वरच्या पायरीवर ठेवायची, मग हातांवर उठून पुढची पायरी. छत्तीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या. अर्धा तास लागला. मी पोटली घेते म्हटलं तर माझ्यावर ओरडल्या.

गच्चीच्या खोलीत त्यांचा गोपाल आहे, बाळकृष्ण. एवढासा, माझ्या हाताइतका. त्याला रोज उठवायचं, आंघोळ, जेवण, संध्याकाळी मच्छरदाणी लावून झोपवायचं. खाली आणता येत नाही, कारण देवाच्या डोक्यावर कुणाचे पाय नकोत, आणि वरती तर भाडेकरू राहणार. म्हणून भाडं कमी, पण गोपालचं सगळं भाडेकरूने करायचं. पहिल्या भाडेकरूंनी हो म्हटलं आणि पंधरा दिवसांत कंटाळले. दुसऱ्यांनी काय केलं माहीत आहे? घंटेचा आवाज मोबाईलवर टेप केला आणि रोज तोच लावायचे. मासीमा खालून ऐकतात ना. रोज मोजून सात वेळा आणि शेवटी तोच खोकला, म्हणून पकडले. तिसऱ्यांना एक दिवसही बाहेरगावी जाता येईना, ते गेले. म्हणून आता त्या आधी काही सांगत नाहीत. आधी माणूस बघतात.

आईला हे कळलं तर ती लगेच हो म्हणेल. मग ती तुझ्या ऑपरेशनला येऊ शकणार नाही. म्हणून मी आधी तुला विचारते. सांगू की नको?

तुझी लाडकी (एकच भाची आहे, पर्याय नाही),
ऋचा

——

मिरज
१९ नोव्हेंबर

चि. सौ. सरलास आशीर्वाद.

तुझ्या मुलीचं पत्र सोबत ठेवलं आहे, ते आधी वाच. तिला रागावू नकोस. सतरा वर्षांच्या पोरीने दोन म्हाताऱ्यांचा विचार केला, एवढा आपण दोघींनी मिळून केला नव्हता.

पत्र माझ्याकडे तीन दिवस होतं. जानेवारी उलटेपर्यंत गप्प बसावं असं पहिल्या दिवशी मनात आलं, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी वाटलं, ही बाई ठग नाही म्हणून तर जास्त धोक्याची. ठगाला नाही म्हणता येतं.

घर घ्यायचं की नाही ते तू ठरव. माझी काळजी नको, शेजारची मंजुषा सकाळ-संध्याकाळ डोकावते म्हणाली आहे. मात्र तू सबब म्हणून देवाला पुढे केलंस तर मला ओळखता येईल. आणि सरला, आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते, डोळ्यावर पट्टी असताना परक्या हातून चहाचा कप घ्यायची मला भीती वाटते. हे चंदूला सांगू नकोस.

तुझी,
विमलवन्स

——

॥ श्री ॥

कोलकाता
२८ नोव्हेंबर

ती. विमलवन्स यांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ऋचाला घेऊन अकरा वाजता तिकडे गेले. मासीमा आठव्या पायरीवर बसल्या होत्या. मी पोटली धरली, त्यांनी सोडली नाही. बराच वेळ आम्ही दोघी एकच फडकं धरून एकमेकींकडे बघत होतो. मग त्यांनी सोडली.

वर गेले. वन्स, पितळेचा वीतभर बाळकृष्ण, डोक्याला लोकरीची टोपी, कारण यंदा थंडी लवकर पडली म्हणे. मी खीर दाखवली, घंटा वाजवली आणि खाली आले तर म्हातारी डोळे मिटून तिथेच आठव्या पायरीवर.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या सासूने १९५० साली पूर्व बंगालातल्या बारिसालहून निर्वासित होऊन निघताना घरातलं काहीच घेतलं नाही, फक्त पानाच्या डब्यात हा. आधी बोट, मग आगगाडी, आणि सियालदहच्या फलाटावर नऊ दिवस. नऊ दिवस त्याला बत्ताशाचा नैवेद्य. त्यानंतर त्याने उंबरा ओलांडलेला नाही.

मी स्पष्ट सांगितलं. घर घेते, त्यालाही बघते, पण जानेवारीत पंधरा दिवस मला मिरजेला जायचं आहे, नणंदेच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मासीमांचा चेहरा दार लावल्यासारखा झाला. म्हणाल्या, आधीच्यांचीही सुरुवात पंधरा दिवसांनीच झाली होती. मला राग आला. तीस वर्षांचं पुण्य त्या मोबाईलवाल्यांच्या पंक्तीला! चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेले. घर गेलं, तेरा हजारांचं घर गेलं, असं प्रत्येक पावलाला मनात येत होतं.

फाटकाशी मला आपला पत्र्याचा डबा आठवला. परत फिरले. म्हटलं, नऊ दिवस सियालदहच्या फलाटावर राहिलेला देव आहे हा, त्याला हावड्याहून मिरज काय जड? माझ्या देवांबरोबर येईल. नेमात तसूभर फरक पडणार नाही.

ऋचाने बंगालीत पुन्हा सांगितलं, तरी त्या फडक्याच्या घड्या घालत बसल्या. मी आता खरंच निघणार तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं की गाडीत वरचा बर्थ मिळेल का.

डोक्यावर पाय नकोत ना! वरचा बर्थ काढला आहे, तिथे तो आणि मी. त्याचं तिकीट लागत नाही, हे मी खिडकीवर दोनदा विचारून घेतलं.

पण मासीमा त्या मासीमाच. रोज सकाळी अकराला मी मिरजेहून फोन लावायचा आणि घंटा ऐकवायची. किती वेळा वाजवायची ते त्या दर वेळी फोन लागल्यावर सांगणार, म्हणजे टेप चालायला नको! शिवाय तुमचा पत्ता मागून घेतला आहे. कशाला, ते सांगितलं नाही.

वहीतल्या शंका काल खोडल्या. एकच ठेवली आहे, की त्यांना मी पसंत पडले की माझे गुडघे.

दहा जानेवारीला निघते. तोवर माया पातळ होऊ देऊ नये.
सरला

——

मिरज
९ डिसेंबर

चि. सौ. सरलास आशीर्वाद.

तुझ्या मासीमांचं इंग्रजीतलं पत्र आलं, रजिस्टरने. मंजुषाने वाचून दाखवलं. चौदा प्रश्न आहेत. मी एवढी दप्तरं तपासली, पण माझी अशी तपासणी कुणी केली नव्हती. पाणी विहिरीचं की नळाचं, घरात कांदा कुठे ठेवता, विधवा आहात तर एकादशी करता का. तुला जे वाटत होतं ते आता मला वाटतं आहे, की या बाईंना नक्की हवं आहे तरी काय!

सगळी उत्तरं खरी दिली. एकादशी करत नाही हेही लिहिलं. एक प्रश्न मात्र अडला. घरात देवाच्या डोक्यावर कुणी चालतं का? वर मजला नाही, नुसती कौलं आहेत, तेव्हा नाही असं लिहिलं. पण कौलांवरून शेजारचा बोका रोज पहाटे जातो. ते मी लिहिलं नाही. तूही बोलू नकोस. तू येईपर्यंत त्याचं काहीतरी करते.

कोपऱ्यातली खोली झाडून घेतली आहे, चंदूच्या बारशाची जुनी मच्छरदाणीही सापडली, एक भोक होतं ते मंजुषाकडून शिवून घेतलं. तुझी घंटा मला ऐकू यायची नाही, पण पट्टी सुटली की ती वाजवताना तुझा हात हलतो का ते मी स्वतः बघणार आहे. तुम्हा भाविकांचा काय भरवसा.

वरच्या बर्थवर चढताना जपून. तुझ्या गुडघ्यांवर आता आम्ही तिघं आहोत.

वाट पाहते,
विमलवन्स