डावं चाक शिरूरचं, उजवं चाक दौंडचं

प्रति,
मा. प्राचार्य,
घोड-भीमा अभियांत्रिकी महाविद्यालय,
न्हावरा रस्ता, ता. शिरूर, जि. पुणे.

अर्जदार: तेजश्री सावळाराम दसगुडे, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. कॅप्टन, ऑफ-रोड गाडी टीम.

विषय: आमच्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच ट्रान्समिशन नेमून देण्याबाबत.

संदर्भ: १) टीमचा बिनविरोध ठराव.
२) माझा मागचा अर्ज व त्यावरचा आपला शेरा, "सामंजस्याने मार्ग काढावा."

महोदय,

१. गॅदरिंगला मी माइकवरून सांगितलं होतं की आमची गाडी ओढ्यात घाला, ढेकळात घाला, मुरमात घाला, ती थांबायची नाही. ते विधान मी आजही मागं घेत नाही. गाडी थांबत नाहीच. ती फक्त सरळ जात नाही.

२. आपला विषय सिव्हिल असल्यानं थोडक्यात सांगते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायला (यालाच ट्रान्समिशन म्हणतात) आमच्यापुढं दोन रस्ते होते. एक, स्कूटीसारखा बेल्ट. त्यात गिअर टाकायची कटकट नाही, पण इंजिनानं जोर धरेपर्यंत बेल्ट पकडत नाही. एकदा पकडला की मग वेग भरपूर. दुसरा, मालवाहू रिक्षाचा गिअरबॉक्स आणि चेन. तो पहिल्यापासून ओढतो, पण जड आहे आणि वरचा वेग यथातथाच. टीममध्ये आम्ही बारा जण, सहा शिरूर तालुक्यातले, सहा दौंडचे. न्हावऱ्याच्या माऊलीनं चेन धरली, पाटसच्या सम्राटनं बेल्ट धरला. "बेल्ट म्हंजी पिठाच्या गिरणीला ठीक हाय," असं माऊलीचं तांत्रिक मत होतं. "चेन सायकलीला लाव आन् डबलसीट घे," असं सम्राटचं. बाकीचे पाच-पाच जण आपापल्या तालुक्यामागं उभे राहिले. आकडेमोड कोणी केली नाही.

३. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी सोसायटीवर किंवा ग्रामपंचायतीत आहे. तिथं दोन गट अडून बसले की सरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात, हे आपणही जाणता. इथं ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा एकाच दिवसाची. मुदत वाटता येईना, म्हणून चाकं वाटली. डावं चाक चेनवर, म्हणजे शिरूरला. उजवं बेल्टवर, म्हणजे दौंडला. इंजिन सामाईक. आमचे मार्गदर्शक प्रा. सत्यजीत सर यांनी ठरावातला 'बिनविरोध' एवढा शब्द वाचला आणि सही केली. पेढेही त्यांनीच आणले.

४. आता परिणाम. आपल्या मैदानात पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दौंड येतं आणि डाव्या हाताला शिरूर. गाडी सावकाश सोडली की फक्त डावं, म्हणजे शिरूरचं चाक ओढतं आणि गाडी उजवीकडं, दौंडला निघते. ॲक्सिलेटर दाबला की दौंडचं चाक पुढं पळतं आणि गाडी शिरूरकडं वळते. स्टिअरिंग आहे, पण भुसभुशीत मातीत पुढची चाकं नुसती घासत जातात. ज्या तालुक्यानं जोर लावावा, त्याच्या उलट गाडी जाते. याचा अर्थ मी लावत बसलेले नाही, मला वेळ नाही.

५. गाडीच्या पूजेच्या दिवशी नारळ फोडून सम्राटनं गाडी हळूच सोडली. ती उजवीकडं वळत वळत गेटजवळच्या मारुतीच्या देवळाभोवती फिरायला लागली. थांबेना, कारण थांबवली तर पाहुण्यांपुढं इज्जत जाईल असं सम्राटला वाटलं. तिसऱ्या फेरीला पाहुण्यांनी हात जोडले. संस्थेचे आप्पा म्हणाले, "पोरं संस्कारी हायेत." तेवढ्यानं सम्राटला उत्साह आला आणि त्यानं ॲक्सिलेटर दाबला. गाडी उलटी फिरली. देवळात झाडलोट करणाऱ्या ताईबाई झाडू घेऊन मागं धावल्या, "आरं मुडद्या, उलटी परदक्षिणा घालत्यात व्हय रं!" त्यांनी झाडू बेल्टवर हाणला. बेल्ट झाडूसकट फिरला.

६. मोकळी सरळ जागा मिळावी म्हणून माऊलीचे मामा सर्जेराव यांनी त्यांच्या गावचा बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे बैल पळवायची सरळ पट्टी, एका सकाळपुरता दिला. या खेपेला माऊली बसला. अर्ध्या घाटापर्यंत मधल्या वेगात गाडी बरी गेली. तिथं माऊलीनं ॲक्सिलेटर दाबताच तिनं दिशा बदलली आणि ती निवेदकाच्या स्टेजवर चढली. माइक तपासत बसलेल्या निवेदकानं सवयीनं "झाली झाली, सेकंदात झाली!" असं पुकारलं आणि मग खाली उडी मारली. सर्जेरावमामा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बैल आसता तर बाजारात नेला आसता. ह्याचं दावं कोण धरणार?" परत येताना गाडी टेम्पोत घालून आणली. टेम्पो सरळ गेला.

७. यानंतर मी आपल्याकडं अर्ज केला. आपण सामंजस्यानं मार्ग काढायला सांगितलंत. सर, हे सगळं सामंजस्यानंच झालेलं आहे. भांडण झालं असतं तर एक कोणीतरी जिंकला असता आणि गाडी एका बाजूची का होईना, सरळ गेली असती.

८. येत्या सोमवारी कॉलेजची समिती गाडी तपासणार आहे. पांढऱ्या फक्कीच्या दोन रेषांमधून शंभर मीटर सरळ गेली तर स्पर्धेला पाठवणार, नाहीतर नाव मागं घेणार. आम्ही आठ जण शेवटच्या वर्षाचे आहोत. पुढच्या वर्षी आम्ही रांजणगावच्या कुठल्यातरी कंपनीच्या बसमध्ये झोपलेलो असू, गाडी बनवायला कोणी बोलावणार नाही. तरी विनंती की आपण सही-शिक्क्यानिशी कोणतंही एक ट्रान्समिशन नेमून द्यावं. वरून हुकूम आला म्हटलं की कोणी हरलं असं होत नाही. दोन्ही गट आपल्याला नावं ठेवतील आणि मुकाट कामाला लागतील. मी तळेगाव ढमढेऱ्याची, म्हणजे शिरूरची. मी चेन म्हटलं तर पक्षपात, बेल्ट म्हटलं तर फितुरी. माझं मत बेल्ट आहे. हे वाक्य नोटीस बोर्डावर लावू नये.

९. हा अर्ज लिहीत असताना आज दुपारी जे घडलं तेही कळवणं माझं कर्तव्य आहे. मी आपल्याकडं पुन्हा चाललेय हे कळल्यावर दोन्ही गटांना वाईट वाटलं. माऊलीनं जेवणाच्या सुट्टीत येऊन माघार म्हणून चेन आणि गिअरबॉक्स काढून ठेवला. त्याच सुट्टीत सम्राटनं दुसऱ्या बाजूनं येऊन माघार म्हणून बेल्ट काढला. मोठेपणा आधी कोणाचा, यावर अर्धा तास गेला. सध्या गाडीला एकही ट्रान्समिशन नाही.

१०. मग सर्वानुमते असं ठरलं की निदान रेषा तरी बघून घेऊ. शिरूर आणि दौंडच्या बाराही जणांनी मिळून गाडी ढकलली. गाडी शंभर मीटर तंतोतंत सरळ गेली. एकजूट एवढी होती की सीटवर बसायला कोणी उरलं नव्हतं. ब्रेक सीटपुढं असतो. रेषा जिथं संपते, तिथं, सर, आपली स्वतःची गाडी उभी होती.

तरी वरील मुद्दा क्र. ८ वर सहानुभूतीनं विचार व्हावा.

आपली नम्र आणि दमलेली,
तेजश्री सावळाराम दसगुडे

ठिकाण: मैदान
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

सोबत जोडले आहे:
१) ठरावाची प्रत, बारा सह्यांसह.
२) ताईबाईंच्या झाडूचा उरलेला भाग.
३) आपल्या गाडीची मागची नंबरप्लेट.