सत्तेचाळीस नंबरची संहिता

स्कारबरो,
१४ सप्टेंबर २०२४

ती. शरदमामांस,
ऊर्मीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला. रागावू नका. फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही, तेव्हा पत्रच बरं. आई गेल्यावर मराठीत लिहावं असं मला दुसरं राहिलंय तरी कोण?

बातमी अशी की तुमच्या भाचेजावयाने, लेनर्डने, अखेर मनावर घेतलं. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या फिल्मवर माइकची काठी धरून उभा राहिला. आता पन्नाशीला टेकल्यावर स्वतःची फिल्म करायची म्हणतो. ब्लॅक माणसांची, ब्लॅक माणसांनीच केलेली. ग्रँटसाठी तीनदा अप्लाय केलं, तिन्ही वेळा नकार आला. म्हणून आता आमच्या साठवणीतून, अगदी हात आखडून करायची. एक घर, तीन-चार माणसं आणि मे महिन्यातले बारा दिवस. त्याचे कॅमेरावाले मित्र तेवढेच दिवस मोकळे आहेत. हा मे हुकला तर तो पुन्हा उभारी धरेल असं मला वाटत नाही.

अडलंय ते स्क्रिप्टपाशी. आपल्याला लिहिता येत नाही असं त्याचं ठाम मत, म्हणून ओळखीपाळखीत कळवलं. ढिगाने स्क्रिप्ट आल्या, पण जिथे तिथे बंदूक, ड्रग्ज आणि तुरुंग. लेनर्ड म्हणतो, माझे वडील बार्बेडोसहून आले आणि एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत राहिले, त्यांच्यावर कोणाला दोन पानं लिहावीशी का वाटत नाहीत? ओळखीच्यांना झुकतं माप मिळू नये म्हणून त्याची बहीण मार्व्हा नावं काढून प्रत्येकीवर नुसता नंबर घालते. पहिली चाळणी माझी. वाचून वाचून जीव विटलाय.

रेजिनाच्या मराठी मंडळासाठी तुम्ही पंचवीस वर्षं एकांकिका निवडल्यात. यातल्या थोड्या वाचाल का? बारा सोबत पाठवतेय. गुडघ्यांना जपा, आणि भाचीवरचा लोभ आहे तसा राहू द्या.

तुमची,
ऊर्मी

---

रेजिना,
२ ऑक्टोबर २०२४

चि. ऊर्मीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुडकं पोचलं. एकदम बारा संहिता! मामा रिटायर झालाय, रिकामटेकडा नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला बोलू, रिकामटेकडाच आहे. टोमॅटो संपले, गवती चहाची कुंडी घरात घेतली, फर्नेसवाला येऊन हीटिंग बघून गेला. यंदा दारातला बर्फ उपसायला शेजारच्या माणसाला सांगून ठेवलंय. तुझी आई गेल्यापासून टीव्ही मोठ्याने लावतो. ते बहिरेपणामुळे आहे असं लोकांना वाटतं, वाटू दे.

आता संहिता. बारा नंबरच्या लेखकाने विसाव्या पानापर्यंत सगळ्यांना मारून टाकलंय, पुढची साठ पानं कोणासाठी लिहिली देव जाणे. एकोणीस नंबरमध्ये प्रत्येक जण भाषण करतो. नाटक निवडताना माझा एक ठोकताळा असे. घरातलं माणूस घरातल्याच माणसापासून काहीतरी दडवत असलं पाहिजे. त्याशिवाय पुढे बघायला प्रेक्षक बसत नाही. तुझ्या या बारांत तसं घर मला दिसलं नाही. आणखी धाड.

मंडळाचा गणपती नीट पार पडला. तिथे सुधाकरने तुम्हा दोघांची चौकशी केली. मजेत आहेत म्हणून सांगितलं, फार खोलात शिरलो नाही. तुझ्या लेनर्डरावांना म्हणावं, निराश होऊ नका, चांगली संहिता उपवर मुलीच्या स्थळासारखी असते, शंभर बघाव्यात तेव्हा एक पसंत पडते. म्हाताऱ्याची आठवण ठेवावी.

तुझा,
शरदमामा

---

स्कारबरो,
३ नोव्हेंबर २०२४

ती. शरदमामांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. चकल्या मऊ पडल्या, तरी लेनर्डने निमूटपणे खाल्ल्या. हल्ली तो सगळंच निमूटपणे करतो. कामावरून आला की बेसमेंटमध्ये जाऊन बसतो. मित्र विचारतात, मे नक्की ना, आणि हा विषय बदलतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

एकतीस, चाळीस आणि सत्तेचाळीस पाठवतेय. एकतीस मी वाचली, बरी वाटली. सत्तेचाळीस मुदत संपल्यावर आली, पण ती घ्यायचीच असा मार्व्हाचा हट्ट. माझी अजून वाचून झालेली नाही, तुम्हीच आधी वाचा.

एक विचारू? आईची खोली आवरलीत का? आमच्या लग्नाचा एक फोटो मी तिला फ्रेम करून दिला होता. तेराव्याला आम्ही रेजिनाला आलो तेव्हा तो कुठल्याच भिंतीवर दिसला नाही. नऊ वर्षं ती दर उन्हाळ्यात माझ्याकडे यायची, लेनर्डच्या हातचा मासा आवडीने खायची, आणि तरी स्वतःच्या खोलीत आमचा फोटो लावू शकली नाही. तिला आमची लाज वाटायची का, हे विचारायचं राहून गेलं. राग मनातून जात नाही, आणि मेलेल्या माणसावर रागावलं की आपलीच झोप जाते.

असो. सांभाळून असा, आणि माझं बोलणं मनाला लावून घेऊ नका.

तुमची,
ऊर्मी

---

रेजिना,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. ऊर्मीस,
अनेक आशीर्वाद.

एकतीस नंबर घ्यावी. भाऊ-बहीण वडिलांचं केशकर्तनालय विकायला निघतात आणि शेवटच्या दिवशी एकामागून एक जुनी गिऱ्हाइकं येतात. एक जागा, चार माणसं. तुमच्या ऐपतीत बसणारी आणि मन धरून ठेवणारी आहे. चाळीस नंबर ठीक.

सत्तेचाळीसचा विचारही करू नये. ती संहिताच नव्हे. घरात माणूस गेलेलं असताना लोक असं वागत नाहीत. पाहुणे इतके भोचक नसतात आणि जावई इतके सोशीक नसतात. लेखकाला आपल्या माणसांची काही माहिती नाही. एका दुपारचा प्रसंग उगाच ताणलाय, आणि शेवट तर काहीच नाही. शिवाय अशा गोष्टीतून कोणाचंही भलं होत नाही, असलेली नाती मात्र बिघडतात. तू ती वाचण्यात वेळ घालवू नकोस. माझ्याकडची प्रत मी टाकून दिली आहे.

फोटोचं म्हणशील तर चित्राची खोली अजून तशीच आहे. बघेन सवडीने. इथे वजा बावीस आहे. प्रेम असू दे.

तुझा,
शरदमामा

---

स्कारबरो,
१२ जानेवारी २०२५

ती. शरदमामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही कधी कुठल्या संहितेवर चार वाक्यांपेक्षा जास्त लिहीत नाही. सत्तेचाळीसवर अख्खा परिच्छेद लिहिलात, म्हणून मी ती वाचली.

तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. गहूपट्ट्यातल्या एका गावात एका बाईंचं तेरावं आहे. त्यांचा ब्लॅक जावई बाहेरच्या खोलीत बसलाय, बायको आत वाढतेय. पाहुणे येऊन त्याच्याजवळ बसतात. एक जण विचारतो, यंदा कोचीला पाऊस कसा आहे? दुसरा विचारतो, घरी मल्याळम बोलता का? आणि त्या माणसाच्या हळूहळू ध्यानात येतं की या घरात गेली नऊ वर्षं तो केरळचा ख्रिश्चन आहे. आडनाव मॅथ्यूज, तेव्हा खपून गेलंय. तो उठून जात नाही. बायकोच्या आईचा दिवस आहे, म्हणून दुपारभर न पाहिलेल्या गावचा पाऊस आणि नारळ सांगत बसतो. परतताना बायको विचारते, लोक कसे वाटले. तो म्हणतो, सगळे फार चांगले वागले.

मामा, हे शब्द मी ऐकलेत. रेजिनाच्या विमानतळावर, भाड्याची गाडी परत देताना.

मी बेसमेंटमध्ये जाऊन लेनर्डला विचारलं. त्याने नाकारलं नाही. अडीच वर्षं हे तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिलं आणि मार्व्हाला सांगून नंबरांत मिसळलं, असं म्हणाला. मला आपलं घर ओळखू येतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. मी त्याच्या पायाशी बसून रडले.

आता कळतंय की आम्ही यायचं म्हटलं की दर वेळी तुमच्या बेसमेंटचं काम निघून आमचं येणं का राहायचं. मला एकच सांगा. हे आईने सुरू केलं की तुम्ही? खरं लिहा. आशीर्वाद असू द्या, पण आधी खरं लिहा.

ऊर्मी

---

रेजिना,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ऊर्मीस,
आशीर्वाद.

मी सुरू केलं. चित्राने नव्हे. मेलेल्या बहिणीवर ढकलून मोकळं व्हावं असं दोन दिवस मनात होतं, तेही लिहून टाकतो.

तुझ्या लग्नानंतरच्या दिवाळीत सुधाकरने जावयाचं नाव विचारलं. मी म्हटलं, मॅथ्यूज. तो म्हणाला, म्हणजे केरळचे वाटतं. मी नुसती मान हलवली. कोणी गळा धरला नव्हता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पुढच्या आठवड्यापर्यंत ते सगळ्या मंडळात झालं होतं.

चित्रा माझ्यावर भयंकर संतापली. फोटो तिने पहिल्याच दिवशी बाहेरच्या खोलीत लावला होता. तो मी काढायला लावला. नवरा गेल्यावर ती माझ्या आधाराने राहत होती, तेव्हा मुकाट्याने तिने तो कपाटात साड्यांखाली ठेवला. रोज सकाळी काढून बघायची. तिला तुमची लाज कधीच वाटली नाही. लाज मला वाटायची, आणि भोगली तिने. तेराव्याला मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. पावसाचा प्रश्न ऐकला, लेनर्डचं उत्तर ऐकलं, आणि त्याला काही उमगलं नाही अशी स्वतःची समजूत घालून भाताची चौकशी करायला आत गेलो.

परवा शनिवारी मंडळाचं तिळगुळाचं होतं. मी माइक मागितला आणि उभा राहून सगळं सांगितलं. कोणाला धक्काच बसला नाही. नंतर सुधाकरने बाजूला घेऊन सांगितलं की तेराव्याला जावयांना बघताच सगळ्यांना कळलं होतं. मग कोचीचा पाऊस का विचारलात, असं मी म्हटलं. तर म्हणाला, शरदराव, तुमचा मान राखायला. त्या खोलीत खरं काय ते न जाणणारा एकही माणूस नव्हता, ऊर्मी, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या एकट्याकडून माझा मान राखून घेतला.

ही संहिता उत्तम आहे. मी खोटं लिहिलं होतं. माझं घर मे महिन्यात घ्या, तीच खोली, त्याच खुर्च्या. शरदमामाचं काम करायला कोणी मिळालं नाही तर मी करीन. एवढं तरी करू द्या. फोटो याच पुडक्यात आहे.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

शरदमामा

---

स्कारबरो,
२ मार्च २०२५

ती. शरदमामांस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि फोटो मिळाले. आईला शेवटपर्यंत माझी लाज वाटत होती असं अडीच वर्षं धरून बसले होते. आम्हाला कधी घरी बोलावत नाही म्हणून तिच्याशी शेवटचे कितीतरी फोन मी तुटक बोलले, ते आता कुठे नेऊ?

तुमचं पत्र लेनर्डला इंग्रजीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामांना कळव, घर देऊ केलंत त्याबद्दल आभार, पण नको. सत्तेचाळीस त्याने मागे घेतली. मीच विनवलं, ही सगळ्यांत चांगली आहे, हीच कर. त्याचं म्हणणं असं की वीस वर्षं मी इतरांच्या गोष्टींना माइक धरला. आता स्वतःच्या पहिल्या फिल्ममध्येही मी तुमच्या दिवाणखान्यात बसून तुमच्याच लाजेची गोष्ट सांगायची का? ज्या फिल्मसाठी इतकी वर्षं थांबलो, तिच्यात माझी माणसं असू देत.

एकतीस नंबर ठरली. तुमचीच निवड, आणि सत्तेचाळीस मागे पडावी म्हणून ती तुम्ही सुचवलीत, हेही मी त्याला सांगितलं. तरी ती चांगली आहे, असं म्हणाला. त्याचे वडील केस कापून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याचं काम करणार आहेत. शूटिंग इथेच, मार्व्हाच्या ओळखीच्या दुकानात. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की तो उठून तुम्हाला खुर्ची देईल, चहा विचारेल, दिवसभर तुमची काळजी घेईल. तो तसाच आहे. त्या बारा दिवसांत त्याने कोणाचाही मान राखू नये असं मला वाटतं.

त्याला तुमचा राग नाही. मला आहे, आणि तो कधी जाईल ते मला माहीत नाही. औषधं वेळेवर घ्या, एकटे बाहेर बर्फावर जाऊ नका.

लोभ आहे. तो वाढावा असं आज लिहवत नाही.

ऊर्मी मॅथ्यूज