उजव्या पायाचा मोजा

हांकासाल्मी,
गुरुवार, फेब्रुवारीतला कडक थंडीचा

तीर्थरूप लेम्पी मावशीस,

तुओमोचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे पाय, तू नाताळात पाठवलेल्या लोकरीच्या मोज्यांत आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? बर्फ उपसायला शेजारचा माणूस येतो ना, की अजून स्वतःच फावडं घेऊन अंगणात उतरतेस? इकडे सगळं क्षेम आहे. तुझी सूनबाई सिर्क्कू मजेत आहे. माझं मात्र काही खरं नाही.

वाफ घ्यायच्या सौनाबाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत मी सिम्युलेटर बसवलाय, हे तुझ्या कानावर आलं असेलच. भंगारातल्या गाडीची सीट, स्टीअरिंग, पेडल आणि समोर मोठा पडदा. (दिवाणखान्यात ठेवायला परवानगी मिळाली नाही. कारण विचारलं, तर त्याचीही परवानगी मिळाली नाही.) पडद्यावर माझी प्रोटोटाइप गाडी असते, म्हणजे निव्वळ शर्यतीसाठीच जन्माला घातलेली, इस्त्री फिरवल्यासारखी चपटी. शनिवारी याच पडद्यावर बारा तासांची शर्यत आहे. आमच्या संघात मी आणि बहिणीचा नवरा पेंट्टी, आळीपाळीने चालवणार. गाडीला रोग एकच. हळू वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, टायर जळतात आणि गाडी उलटी फिरून मागून येणाऱ्यांचं स्वागत करायला उभी राहते. पेंट्टी शब्द सरपणासारखे जपून वापरतो, तुला माहीतच आहे. त्याने अख्खं वाक्य खर्च केलं, “शनिवारच्या आत चाकं थांबव, नाहीतर तुझ्या जागी दुसरं कुणी बसेल.” मावशी, खोटं कशाला सांगू, रडू यायचंच बाकी होतं. शनिवारची ती जागा, अख्ख्या हिवाळ्यात मला हवी होती ती एवढी एकच गोष्ट.

मग मी गाडीच्या मागेच लागलो. मागच्या स्प्रिंगा सैल केल्या, तर ती वळणावर गाभण गाईसारखी हेलकावे खायला लागली. टायरमधली हवा कमी केली, वाढवली, पुन्हा कमी केली. वाऱ्याने गाडी खाली दाबून धरणारा मागचा पंख इतका उभा केला, की सरळ रस्त्यावर मला मागे टाकून जाणारे लोक (म्हणजे सगळेच) निवांत ओळखीचे व्हायला लागले. शेवटी चाक गरगरू लागताच इंजिनाला दाबणारं बटण पार टोकाला नेलं. चाकं थांबली खरी, पण त्यांच्याबरोबर गाडीही जवळजवळ थांबली. पेंट्टीने पुन्हा एक वाक्य खर्च केलं, “शर्यतीला निघालायस की पोस्टात पत्र टाकायला?” सिर्क्कू सौनाची लाकडं घेऊन आत आली, पडद्याकडे न बघता खाली बघत म्हणाली, “रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अरे, जरा पायाकडे बघ.”

मी बघितलं, आणि मावशी, डोक्यात लख्ख उजेड पडला. पायात काय होतं? मोजा! तू विणलेला, म्हणजे थंडीची काय बिशाद. (मोज्यांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. सबंध जिल्ह्यात असे मोजे नाहीत.) पण त्या लोकरीतून पेडल किती दबलंय याची बातमी माझ्या अंगठ्यापर्यंत येईस्तोवर चाकं गरगरून मोकळी झालेली असतात. तुझे मोजे काढून चालवणं मनाला पटत नाही. फरशीही बर्फासारखी आहे. असो. गुडघ्याला जप, शेकत जा.

तुझा,
तुओमो

ता. क. : मुद्द्याचं सांगायचं राहिलंच. शनिवारच्या आत एक मोजा विणून देशील का? फक्त उजवा. बारीक सुताचा. रंग कुठलाही चालेल. मोजा पातळ असावा, माया नेहमीचीच.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलेलं फोडून लिहितोय. सौना तापेपर्यंत वेळ होता, म्हणून सिर्क्कू “बघू तरी” म्हणत सीटवर बसली. माझी स्प्रिंगांची आणि पंखाची सगळी कारागिरी पुसून तिने गाडी आली होती तशी करून टाकली. फरशी गार म्हणून माझ्या पायातले मोजे मागून घेतले, तेच, दोन्ही. आणि दातांत बनपाव धरून सौना तापेपर्यंत गाडी चालवली. चाक एकदाही गरगरलं नाही. पेंट्टी दारात उभा होता. म्हणाला, “वहिनी, शनिवारी तुम्ही बसा.” या वर्षातलं त्याचं सगळ्यात गोड वाक्य, आणि तेही माझ्या वाट्याचं नाही. मी शनिवारी कॉफी करणार आहे.

ता. क. शेवटचा : पातळ मोजा रद्द. जाडच पाठव, नेहमीसारखे, दोन्ही पायांचे. सिर्क्कू माझे परत देत नाही, शुभ आहेत म्हणते. आणि कॉफी करायला उभं राहिलं की फरशी फार गार लागते गं.